लहान मुलांचं दूध: किती, कुठलं, कधी? आयांकडून सारखे येणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. माझं बरंचसं काम सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या मुलांचं, म्हणजे खरं तर त्यांच्या आया, आज्या आणि कधीकधी बाबांशी बोलण्याचं. विषय कुठूनही निघाला तरी गाडी दुधावर येतेच आणि त्यातलं एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की मुख्यतः त्यासाठीच हे लिहायला बसले: "जेवत काही नाही, पण दूध पितो ना, मग चालतंय." नाही चालत. दूध चांगलंच आहे, मी ते बंद करा असं कधीच सांगत नाही, पण वर्षाच्या पुढच्या मुलाचं पोट दुधानं भरायचं नसतं, जेवणानं भरायचं असतं. का, ते पुढे येतंच. आणि मूल आजारी असेल, वजन घटत असेल, शी मधून रक्त जात असेल तर हे वाचत बसू नका, सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा.

बाळ आठ महिन्यांचं आहे, सासूबाई म्हणतात आता वरचं दूध सुरू कर. करू का?

अंगावरचं दूध येतंय ना? मग गरज नाही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं, पाणीसुद्धा नाही, मग उष्टावण झालं की मऊ भात, घट्ट वरण, नाचणीची पेज, भाज्या, अंडं असं हळूहळू सुरू करायचं आणि अंगावरचं दोन वर्षं किंवा त्याच्या पुढेही चालू ठेवायचं. गाईम्हशीचं दूध पेलाभर प्यायला द्यायचं ते वर्ष पूर्ण झाल्यावर.

सासूबाईंना सांगताना कारण पण सांगा, म्हणजे त्यांनाही पटेल. गाईच्या दुधात आईच्या दुधापेक्षा तिपटीहून जास्त प्रोटीन असतं, क्षारही जास्त असतात, आणि त्याचा भार बाळाच्या छोट्या किडनीवर येतो. लोह जवळजवळ नसतंच. आणि काही बाळांच्या आतड्यातून या दुधामुळे थोडं थोडं रक्त झिरपतं, डोळ्यांना दिसत नाही इतकं, पण महिनोन्‌महिने चाललं तर अंगातलं लोह संपवायला पुरेसं. नाचणीच्या खिरीत घातलेलं थोडं दूध किंवा दोन चमचे घरचं दही मात्र सहा महिन्यांनंतर चालतं, त्याला घाबरू नका.

आणि अंगावरचं खरंच येत नसेल तर?

आधी खरंच येत नाही का ते बघून घ्या. बाळ दिवसातून सहा-सात वेळा शू करतंय आणि वजन वाढतंय तर दूध पुरतंय, तो नुसता रडतो म्हणून दूध कमी आहे असं होत नाही. तरीही कमी पडत असेल तर सहा महिन्यांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्यानं फॉर्म्युलाच, म्हणजे बाळांसाठीची डब्यातली दूध पावडर, गाईचं दूध नाही. सहा ते अकरा महिन्यांत आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ फॉर्म्युलाच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये असं म्हटलंय की अंगावरचं नसेल तर या वयात प्राण्याचं दूधही चालू शकतं, त्यामुळे ज्यांना डबा परवडत नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये, पण मग लोहाचं औषध आणि वरचं अन्न याबद्दल डॉक्टरांशी नीट बोलून घ्या. खूप लवकर जन्मलेल्या, हॉस्पिटलमध्ये असलेल्या बाळांसाठी दूधपेढ्या आहेत, तिथे इतर आयांनी दान केलेलं दूध मिळतं. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली दूधपेढी आशियातली पहिली.

वर्ष झाल्यावर दिवसाला किती दूध द्यायचं?

साधारण ४०० मिली, फार तर ५००. यात दही, ताक, खीर सगळं धरायचं. अंगावर पीत असेल तर त्याहून कमी.

हा आकडा कुठून येतो ते सांगते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबानं दिवसाला ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० मिली दुधात साधारण १२० असतं. म्हणजे ४०० मिलीत ४८० आलं, उरलेलं पोळी, नाचणी, भाजीतून सहज येतं. त्याच्यावर पाजलेल्या दुधाचा हाडांना वेगळा काही फायदा नाही. आणि एक करा, आजच घरातला मुलाचा ग्लास मापानं मोजून बघा, कारण "दोनच ग्लास पितो" म्हणणाऱ्यांकडचा ग्लास कधीकधी ३०० मिलीचा निघतो.

आमचा मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे, दिवसाला लिटरभर दूध पितो, जेवायला तोंड उघडत नाही पण चांगला गुटगुटीत आहे. मग काय बिघडलं?

हाच तो प्रश्न. नीट वाचा.

आधी भुकेचा हिशोब. या वयाच्या मुलाला दिवसाला हजाराच्या आसपास कॅलरी लागतात. म्हशीच्या १०० मिली दुधात शंभरावर कॅलरी असतात. म्हणजे एक लिटर म्हशीचं दूध प्यायला की त्याची दिवसभराची भूक तिथेच संपली. तो हट्टी नाहीये, त्याला जेवणाचं वावडंही नाहीये, त्याचं पोट भरलेलं आहे. आणि आपण मात्र ताट घेऊन मागे पळतो, मोबाईल लावतो, शेवटी वैतागून म्हणतो जाऊ दे, दूध तरी पिऊ दे, की परत बाटली. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या न जेवण्याची सोय आपणच करतो.

आता लोहाचा हिशोब. याच मुलाला दिवसाला ८ मिलीग्रॅम लोह हवं. एका लिटर दुधात असतं जेमतेम अर्धा मिलीग्रॅम. वरून दुधातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रोटीन इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. म्हणजे लोह येत नाही आणि जे थोडं येतं ते अंगी लागत नाही. असं सहा-आठ महिने चाललं की हिमोग्लोबिन उतरतं, आणि मूल गुटगुटीत, गोरंगोरं दिसत असल्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. तो गोरेपणा कधीकधी पांढरेपणा असतो हो. तळहात बघा, खालची पापणी ओढून आतला भाग बघा, लालसर हवा. मूल माती, खडू, भिंतीचे पोपडे खातंय, सारखं चिडचिड करतंय, लवकर दमतंय, रडता रडता श्वास धरून निळं पडतंय, यातलं काहीही असेल तर रक्त तपासून घ्या, साधी सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी तपासणी.

हे चार घरातलं नाहीये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलेली निघाली, त्याच्या आधीच्या पाहणीत ५३.८ होती. सगळं काही दुधामुळे नाही, बऱ्याच घरात मुळात अन्नच अपुरं आहे, जंत आहेत, आईच ॲनिमिक आहे. पण ज्या घरात दुधाला पैसे आहेत, भाजी आहे, अंडं आहे, तिथलं मूल पांढरं पडतं ते मला फार लागतं कारण ते टाळता येण्यासारखं असतं. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्यानं वाढत असतो आणि त्याला लोह लागतं, नंतर औषधानं हिमोग्लोबिन वर येतं पण मधल्या काळातलं मेंदूचं नुकसान दर वेळी पूर्ण भरून येतंच असं नाही.

अजून एक, इतकं दूध पिणाऱ्या मुलांना बद्धकोष्ठ खूप असतो, शी खड्यासारखी, रडारड. पोटात चोथा जातच नाही तर दुसरं काय होणार.

पटलं. पण कमी कसं करायचं? बाटली नाही दिली की घर डोक्यावर घेतो.

एका दिवसात बंद करू नका, आठ-दहा दिवस हाताशी ठेवा आणि घरातल्या सगळ्यांशी आधी बोला, कारण आई नाही म्हणतेय आणि आजोबा गुपचूप बाटली भरून देतायत असं झालं तर काहीच होणार नाही.

पहिलं म्हणजे सकाळी उठल्या उठल्या मोठी बाटली देणं थांबवा. उठल्यावर अर्ध्या तासात खाणं पुढे ठेवा, मऊ घावन, उपमा, तूप लावलेली पोळी कुस्करून, उकडलेलं अंडं, आणि दूध त्याच्यानंतर, पेल्यात, शंभर-दीडशे मिली. जेवणाच्या आधी दोन तास दूध नाही, ज्यूस नाही, बिस्कीट नाही. भूक लागू द्या! मुलाला भूक लागणं ही वाईट गोष्ट नाहीये, पण आपल्याकडे तो "भूक" म्हणायच्या आत त्याच्या तोंडात काहीतरी असतं.

मधल्या वेळच्या बाटल्या आधी काढा, त्या सोप्या असतात, खेळायला बाहेर नेलं की विसरतात. रात्रीची सगळ्यात शेवटी. ती काढताना प्रमाण रोज थोडं थोडं कमी करा किंवा फक्त त्या बाटलीत दुधाचं प्रमाण कमी आणि पाण्याचं जास्त करत जा, पाचव्या-सहाव्या दिवशी नुसतं पाणी राहिलं की मूल स्वतःच सोडतं. पहिले तीन-चार दिवस तो जेवणारही नाही आणि दूधही मागेल, रडेल, आणि तुम्हाला वाटेल मी काय करून बसले, पण निरोगी मूल समोर अन्न असताना स्वतःला उपाशी ठेवत नाही. साधारण आठवड्यानं ताटाकडे हात जायला लागतो.

ताटात काय? घट्ट वरण, वरचं पाणी नाही, डाळ. पालेभाजी वरणात घालून. अंडं. मांसाहारी असाल तर मटणाचं नुसतं सूप नको, बारीक केलेलं मटण, कलेजी अधूनमधून, मासे काटे काढून. मोड आलेली मटकी शिजवून मऊ. आणि यावर लिंबू पिळा, कारण क जीवनसत्त्वानं लोह जास्त अंगी लागतं. दूधभात आणि दूधपोळी मुलांना आवडते, माझी हरकत नाही, पण दोन्ही वेळचं जेवण तेच असेल तर तो दुधाचाच अजून एक पेला झाला.

गाईचं चांगलं की म्हशीचं?

वर्षानंतर दोन्ही चालतं. म्हशीचं दाट, फॅट जास्त, म्हणून पोट लवकर भरतं आणि वेळ लागतो पचायला. मूल बारीक असेल आणि नीट जेवत असेल तर म्हशीचं उत्तमच. कमी जेवणारं असेल तर गाईचं द्या. "गाईच्या दुधानं बुद्धी तल्लख होते" आणि "म्हशीच्या दुधानं मूल मठ्ठ होतं" यात काही तथ्य नाही.

पाणी घालून द्यायचं का? जड पडतं म्हणतात.

वर्षानंतर गरज नाही. पाणी घातलं की पोट भरतं तेवढंच, आत जातं कमी. वर बाटली सोडवायची युक्ती सांगितली ती तेवढ्यापुरती आहे, रोजच्या दुधासाठी नाही.

पिशवीवर टोन्ड, डबल टोन्ड, फुल क्रीम लिहिलेलं असतं, लहान मुलांना कुठलं?

फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. दोन वर्षांपर्यंत डबल टोन्ड आणि स्किम्ड नको, या वयात मेंदूला फॅट हवं असतं. घरात आजोबांना डायबेटिस आहे म्हणून डबल टोन्ड येतं आणि तेच बाळालाही दिलं जातं, असं बऱ्याच घरात होतं, तर बाळासाठी छोटी पिशवी वेगळी आणा. पिशवीच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक डेअरीचे रंग वेगळे, छापलेलं वाचा. दोन वर्षांनंतर वजन जास्त असेल तर टोन्ड चालेल.

गावाला गेलो की गोठ्यातलं धारोष्ण दूध देतात, ते जास्त ताकदीचं असतं ना? उकळल्यानं सत्त्व जातं म्हणतात.

कृपा करून कच्चं देऊ नका. जनावर वरून धडधाकट दिसलं तरी कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा तापाचा आजार), जनावरांचा टीबी, जुलाबाचे जंतू येऊ शकतात आणि लहान मुलाला ते फार महागात पडतं. उकळल्यानं कॅल्शियम आणि प्रोटीन जात नाही, काही ब जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, बस. रतीबाचं दूध नीट उकळी येईपर्यंत तापवा, गार करून फ्रीजमध्ये ठेवा, दिवसभर पुन्हा पुन्हा उकळत बसू नका. पिशवीचं पाश्चराईज्ड असतं पण आपल्याकडे दुकानाबाहेरच्या क्रेटमध्ये ते किती वेळ पडून असतं ते माहीत नसतं, त्यामुळे लहान मुलासाठी तेही एकदा उकळलेलं बरं.

व्हॉट्सॲपवर रोज येतं की दुधात युरिया, डिटर्जंट असतं, मग दूध द्यायचं तरी का?

भेसळ होते, धाडीही पडतात, ते खोटं नाही. पण प्रमाण बघा: एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने घेतले, त्यात अशी भेसळ १२ नमुन्यांत निघाली. जास्त नमुन्यांत सापडलं ते ॲफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशी आलेला चारा जनावराला घातल्यावर दुधात उतरणारं विष, आणि ते पिशवीच्या दुधातही होतं. त्यामुळे घाबरून दूध बंद करायचं कारण नाही, ओळखीचा रतीब किंवा लायसन्स नंबर असलेली पिशवी घ्या.

साधं दूध पीत नाही, चॉकलेटची पावडर घातली की पितो. घालू ना?

दोन वर्षांपर्यंत अजिबात नाही, वेगळी साखरसुद्धा नको. पुढेही रोजची सवय नको. पाकिटाच्या मागे साखरेचा आकडा वाचा, तोच बोलका आहे. उंची वाढते, बुद्धी वाढते या जाहिराती आपण लहानपणापासून बघितल्यात म्हणून त्या खऱ्या वाटतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना ही पेयं "हेल्थ ड्रिंक" या नावाखाली विकू नका असं कळवलंय. चव हवी तर वेलदोडा, थोडी खारीक पूड, बदामाची बारीक पूड घाला. मोठ्या मुलांसाठीचा म्हणून "टॉडलर" फॉर्म्युला मिळतो त्याचीही वर्षानंतर निरोगी मुलाला गरज नाही.

देशी गाईचं म्हणून विकतात ते ए-टू दूध घ्यावं का? तिप्पट भाव आहे.

मुलासाठी ते जास्त चांगलं आहे असा ठोस पुरावा नाही. त्या पैशांत महिनाभर अंडी आणि फळं येतील.

रात्री बाटली तोंडात ठेवूनच झोपते, काढली की उठते.

दात किडतात, समोरचे वरचे आधी. झोपेत लाळ कमी असते, दुधातली साखर दातांवर तशीच राहते, आणि मग दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या दातांचं काम भूल देऊन करायची वेळ येते. झोपण्याआधी अर्धा तास दूध पेल्यानं, मग दात घासून झोप. बाटली दीड वर्षाच्या आत पूर्ण सुटायला हवी. वाटी-चमचा सगळ्यात स्वच्छ, आपल्या आज्या बोंडल्यानं पाजायच्या तेही साफ करायला बाटलीपेक्षा सोपंच होतं.

दूध प्यायलं की जुलाब होतात. दुधाची ॲलर्जी असेल का? शेळीचं देऊन बघू?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवस आतड्याला दुधातली साखर पचत नाही, तेवढे दिवस दूध कमी करून दही-ताक द्या, आपोआप ठीक होतं. ॲलर्जी ही दुधातल्या प्रोटीनची, ती बहुतेक वर्षाच्या आतच दिसते: शी मध्ये रक्त किंवा चिकट, अंगावर चट्टे, ओठ सुजणं, सारख्या उलट्या, वजन न वाढणं. इथे घरगुती प्रयोग नकोत. शेळीचं तर नकोच, त्यातलं प्रोटीन गाईच्या इतकं जवळचं असतं की बहुतेक मुलांना त्याचीही ॲलर्जी येते, आणि शेळीच्या दुधात फोलेट हे ब जीवनसत्त्व फार कमी असतं त्यामुळे फक्त त्याच्यावर वाढवलेल्या बाळाला वेगळ्याच प्रकारचा ॲनिमिया होतो. दिलासा एवढाच की ही ॲलर्जी बहुतेक मुलांची शाळेत जायच्या वयापर्यंत जाते.

सर्दी-खोकल्यात दूध बंद करायचं का? आणि मासे खाल्ल्यावर दूध दिलं तर कोड येतं का? शिकरण चालतं का?

दुधानं कफ वाढतो असं तपासण्यांत दिसलेलं नाही, घशाला थोडा वेळ चिकट वाटतं इतकंच. मूल पीत असेल तर द्या, नको म्हणत असेल तर जबरदस्ती नको. मासे आणि दुधानं कोड येत नाही, कोडाचं कारण वेगळं असतं. शिकरण चालतं, साखर न घालता.

मुलगी दुधाला तोंडच लावत नाही. हाडं कच्ची राहतील का?

नाही राहणार. दही खाते? ताक? पनीर? तेच दूध आहे. तेही नको असेल तर नाचणी: १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम, म्हणजे तिच्या एका छोट्या भाकरीत किंवा सत्त्वाच्या वाटीत शंभरेक. तीळ कुटून चटणीत, लाडवात. राजगिरा, शेवग्याचा पाला थालीपिठात. किनारपट्टीला असाल तर काट्यासकट बारीक वाटता येतील असे छोटे मासे. आणि रोज थोडं ऊन, कारण ड जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शियम अंगी लागतच नाही, फ्लॅटमधली मुलं इथेच कमी पडतात. बदामाचं किंवा ओटचं "दूध" मात्र या वयात दुधाची जागा घेऊ शकत नाही, त्यात प्रोटीन फार थोडं.

दुधात थोडा चहा घातला तर? चहा-चपाती आवडीनं खातो.

नका देऊ. चहातलं टॅनिन लोह अडवतं, दूधही अडवतं, आणि सकाळचं खाणं त्यातच संपतं. चपाती भाजीबरोबर द्या, नाहीतर तूप-गूळ लावून.

अंगणवाडीत लोहाचं औषध दिलंय, ते दुधातून दिलं तर चालेल का? कडवट लागतं म्हणून थुंकतो.

दुधातून नको, निम्मं वाया जाईल. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा १ मिली देतात, आशाताई वार ठरवून देतात, तेच वार पाळा. जेवणानंतर द्या, दूध आणि औषधात दोन तास अंतर ठेवा, ड्रॉपरनं गालाच्या आतल्या बाजूला हळू सोडा म्हणजे थुंकत नाही आणि दात काळे पडत नाहीत, वरून लिंबाचं सरबत दोन चमचे चालेल. शी काळी होते, घाबरून बंद करू नका. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (हे रक्ताचे आनुवंशिक आजार) असेल, विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल बऱ्याच कुटुंबांत आहे, तर औषध सुरू करायच्या आधी डॉक्टरांना तसं सांगा. ताप आलेला असेल तर तो उतरल्यावर पुढचा डोस. आणि बाटली उंचावर ठेवा, गोड समजून मुलानं सगळी प्यायली तर ते विषारी ठरतं, तसं झालं तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल.